जिल्ह्याची हद्द आखताना गावाला कोण विचारतं?

बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकी, कारवार. या सीमाभागावर महाराष्ट्र गेली सहा-सात दशकं जो दावा सांगत आला आहे, तो चार तत्त्वांवर उभा आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक सापेक्ष बहुसंख्या आणि लोकेच्छा. या तत्त्वांमागे इतिहास आहे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने बहुतेक ठिकाणी जिल्हा हाच घटक धरला. त्यामुळे बेळगाव जिल्हा जवळपास अख्खा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. एक चंदगड तालुका तेवढा वगळला गेला आणि तो कोल्हापूरकडे आला. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद सोडवताना हरि विनायक पाटसकर यांनी गाव हा घटक धरला आणि त्या निवाड्यावर १९५९ मध्ये संसदेने कायदा केला. तेव्हापासून महाराष्ट्राचं म्हणणं सरळ आहे: तिथे गाव धरलं, मग आमच्याकडे जिल्हा का? जिल्हा घटक धरला की त्याच्या पोटातली गावं मुकी होतात.

हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्राच्या आत, जिथे दिल्लीची परवानगी लागत नाही, तिथे आपण जिल्ह्यांच्या हद्दी बदलतो तेव्हा यातली किती तत्त्वं पाळतो? राज्याच्या आत भाषेचा मुद्दा बहुतेक ठिकाणी येत नाही, तो सोडून देऊ. उरलेल्या तिन्हींपैकी एकही हद्द बदलण्याची अट म्हणून आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

राज्यांच्या सीमांसाठी घटनेत अनुच्छेद ३ आहे. राज्याचं क्षेत्र बदलायचं तर राष्ट्रपतींच्या शिफारशीने संसदेत विधेयक यावं लागतं आणि त्याआधी संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. ते मत बंधनकारक नसतं, पण मागवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिल्ह्याच्या बाबतीत घटना गप्प आहे. पंचायतींच्या भागात अनुच्छेद २४३ मध्ये जिल्ह्याची व्याख्या आहे, ती इतकीच की जिल्हा म्हणजे राज्यातला जिल्हा. तो कुणी करायचा, किती मोठा करायचा, कुणाला विचारून करायचा, हे सगळं राज्यांवर सोडलेलं आहे.

आपल्याकडे हे काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ ने होतं. राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढतं आणि कोणत्या गावांचा तालुका, कोणत्या तालुक्यांचा उपविभाग, कोणत्या उपविभागांचा जिल्हा, कोणत्या जिल्ह्यांचा विभाग हे ठरवतं. यातल्या कशाचीही हद्द शासन बदलू शकतं, दोन जोडू शकतं, एक तोडू शकतं, रद्द करू शकतं, नाव बदलू शकतं. अट एकच आहे, पूर्वप्रसिद्धीची. आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा, मग अंतिम अधिसूचना काढायची. हरकत का फेटाळली याचं कारण द्या, असं कलम म्हणत नाही. विधानसभेत ठराव मांडा असं म्हणत नाही. लोकसंख्या किती, क्षेत्रफळ किती, शेवटच्या गावापासून मुख्यालय किती लांब चालेल, याबद्दल एक शब्द नाही. ग्रामसभेचा तर उल्लेखच नाही.

याच कलमात एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे, त्याची आठवण इथे करून द्यायला हवी. संहिता लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर प्रत्येक वाडी आणि गावठाणाबाहेरची प्रत्येक स्वतंत्र वस्ती महसुली गाव म्हणून स्थापन करावी, असं शासनाला १९६६ सालीच सांगितलेलं आहे. आजही किती तरी वाड्या, तांडे आणि पाडे दुसऱ्याच गावाच्या नावाखाली नोंदलेले आहेत. ज्या वस्तीला कागदावर गावपणच मिळालेलं नाही, तिची हरकत कोण ऐकणार?

हद्द म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरची जाड रेघ येते. प्रत्यक्षात जिल्ह्याची अशी वेगळी मोजलेली रेघ नसते. मोजलेली असते ती गावाची शिव. भूमी अभिलेख खात्याचे गाव नकाशे, टिपणं, शिवेवरचे दगड, हे सगळं गावाच्या पातळीवरचं. तालुका म्हणजे गावांची यादी आणि जिल्हा म्हणजे तालुक्यांची यादी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आजही खेडं हाच घटक आहे. इतकंच नव्हे, दोन शेजारच्या गावांची सामाईक शिव ठरवताना हीच संहिता गावांना विचारते. दोन्हीकडचे लोक एका रेघेवर राजी झाले तर अधिकाऱ्याने त्यांचा करार लिहून घ्यायचा आणि त्याप्रमाणे हद्द कायम करायची. चार हात जमिनीच्या शिवेसाठी गावाची संमती मोलाची मानणारा कायदा, ते अख्खं गाव एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्यात ठेवताना त्याच गावाला विचारत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

लहान जिल्ह्यांना माझा विरोध नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत, आणि वाढलेल्या दहांतले बरेचसे निर्णय योग्यच होते. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली निघाला नसता तर त्या जंगलपट्ट्याकडे शासनाचं जेवढं लक्ष गेलं तेवढंही गेलं नसतं. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाल्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी माणसाला निदान हाकेच्या थोड्या जवळ जिल्हाधिकारी मिळाला. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांच्या वर माणसं. त्याचं विभाजन कुणाला चुकीचं वाटेल? प्रश्न विभाजन कुठे करायचं, कसं करायचं आणि मुख्यालय कुठे ठेवायचं हा आहे.

पालघरचंच घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत दोन वेगळी जगं आहेत. वसई-विरार हे रेल्वेवर जगणारं शहर, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हा डोंगरातला आदिवासी मुलूख. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, त्यानंतर राज्याला या भागाची जाग आली आणि जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला हवं अशी मागणी जोरात होती. ते झालं पालघरला, पश्चिम रेल्वेच्या मार्गावर. त्यामागे कारणं असतील. रेल्वे आहे, जागा आहे, किनाऱ्याकडे लोकवस्ती दाट आहे. पण जिल्हा ज्यांच्या नावाने मागितला गेला ते लोक घाटावर राहतात, आणि मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायला आजही घाट उतरून किनाऱ्यापर्यंत यावं लागतं. ही कारणं एकमेकांशी तोलून पाहिली का, कोणत्या कारणाला किती वजन दिलं, हे अधिसूचनेत असण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे त्यावर वादही नीट घालता येत नाही.

मुख्यालयाचा हा तिढा सगळीकडे आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आहे. त्याचं विभाजन व्हावं यावर मोठं एकमत आहे, पण उत्तरेकडच्या जिल्ह्याचं मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी यावर घोडं अडलेलं आहे. २०२३ मध्ये शिर्डीला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झालं तेव्हा श्रीरामपुरात विरोध उसळला, कारण लोकांनी त्यातून पुढचा निर्णय वाचला. चंद्रपुरात चिमूर आणि ब्रह्मपुरी एकमेकांसमोर उभे आहेत. चिमूरच्या मागणीमागे १९४२ च्या क्रांतीचा अभिमान आहे, ब्रह्मपुरीचे आपले दाखले आहेत. २००९ मध्ये नांदेडला नवं विभागीय आयुक्तालय करायचं ठरलं तेव्हा लातुरात तीव्र आंदोलन झालं, आणि तो प्रश्न अजून तसाच लोंबकळतो आहे. सिंधुदुर्गाचा मार्ग वेगळा होता. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या तिघांत न अडकता ओरोसला नवं ठाणं, म्हणजे मुख्यालय, वसवलं गेलं. तो मार्ग सगळीकडे चालेल असं नाही, पण निकष ठरलेले असते तर निदान हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहता आले असते.

निकष नाहीत असंही नाही, म्हणतील लोक. शासनाकडे मार्गदर्शक सूचना असतात, समित्या नेमल्या जातात. त्यांची किंमत काय ते सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगून टाकलं आहे. आंध्र प्रदेशात मंडलं, म्हणजे तालुक्याहून लहान प्रशासकीय घटक, तयार झाली तेव्हा मंडलाचं ठाणं कुठे असावं यावरून गावोगावच्या याचिका उच्च न्यायालयात गेल्या. सरकारच्याच मार्गदर्शक तत्त्वांना डावलून जागा ठरवल्या, अशी तक्रार होती. उच्च न्यायालयाने काही ठिकाणी सरकारला रोखलं. रघुपती विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, प्रशासकीय सूचना आहेत, त्यांच्या भंगावरून नागरिकाला हक्क सांगता येत नाही, ठाणं कुठे ठेवायचं हा सरकारचा निर्णय, असा त्याचा गाभा आहे. मला वाटतं न्यायालयाचं म्हणणं बरोबरच होतं. ठाण्याचं गाव निवडणं न्यायाधीशांचं काम नाही. पण म्हणूनच निकष फायलीत ठेवून भागणार नाही, ते कायद्यात यायला हवेत. कायद्यात नसलेल्या निकषावर गावाला दाद मागता येत नाही, हे या निकालानंतर स्पष्ट आहे.

निकष नसले की काय होतं ते दुसऱ्या राज्यांत पाहावं. राजस्थानात २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या वर्षात, जिल्ह्यांची संख्या ३३ वरून ५० वर गेली. सरकार बदललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांतले नऊ जिल्हे रद्द झाले. दरम्यान कचेऱ्या थाटल्या होत्या, पाट्या लागल्या होत्या, लोकांनी नव्या जिल्ह्याचे दाखले काढले होते. आसाममध्ये मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी नवे प्रशासकीय घटक करण्यावर निवडणूक आयोगाची बंदी १ जानेवारी २०२३ पासून लागू होणार होती, तर आदल्या दिवशी चार जिल्हे त्यांच्या मूळ जिल्ह्यांत विलीन करून टाकले आणि त्याच वर्षी पुढे ते परत उभे केले. दोन्ही ठिकाणी कायद्याचा भंग झाला असं म्हणता येत नाही. अडचण हीच आहे की कायदा एवढं करू देतो.

जिल्हा बदलल्याने सामान्य माणसाचं काय बदलतं? नोंदी, दाखले, जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समितीचा निधी, पालकमंत्री, जिल्हा रुग्णालय, पुढेमागे जिल्हा न्यायालय. पण सगळ्या रेघा एकदम हलत नाहीत, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. वाशिम वेगळा होऊन पाव शतक उलटलं तरी तिथल्या शेतकऱ्याला पीककर्ज देणारी मध्यवर्ती बँक अकोल्याचीच आहे. हिंगोलीची परभणीची, पालघरची ठाण्याची. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघरमध्ये, पण २०२० पासून दोघांचं पोलीस आयुक्तालय एकच. यात गैर काही नाही, बँकेची आणि पोलिसांची गरज वेगळी असू शकते. मात्र नवा जिल्हा जाहीर करताना कोणती रेघ हलणार, कोणती तशीच राहणार, किती पदं लागणार, इमारती कधी होणार, हे एका कागदावर लोकांसमोर ठेवलं जात नाही. जिल्हा आधी जाहीर होतो आणि बाकीचं वर्षानुवर्षं घडत राहतं.

आणि गावाला न विचारण्याची किंमत फक्त राज्याच्या आत राहत नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर १४ गावं आहेत, जिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं आणि रेशनकार्डं आहेत. नाशिकच्या सुरगाणा तालुक्यातल्या गावांनी २०२२ च्या अखेरीस आम्हाला गुजरातमध्ये घाला असं निवेदन दिलं. रस्ता, दवाखाना, पाणी ही त्यांची कारणं होती. राज्याला धक्का बसला, मंत्री धावले. पण त्या गावांचं म्हणणं मांडायला आधी कायद्याने काही जागा दिली होती का? आमचा दवाखाना, आमचा बाजार, आमची एसटी कुठल्या बाजूला जाते ते लक्षात घ्या, असं गावाने म्हणायचं तर कुणापुढे?

बाहेरच्या उदाहरणांतून शिकताना सावध राहायला हवं. अमेरिकेत आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारा घटक म्हणजे काउंटी. ओहायो राज्याच्या १८५१ च्या घटनेत नव्या काउंटीला किमान ४०० चौरस मैल क्षेत्र लागतं, आणि नवी काउंटी, हद्दबदल किंवा ठाणं हलवणं, यातलं काहीही त्या त्या काउंटीतल्या मतदारांच्या बहुमताशिवाय अमलात येत नाही. कॅलिफोर्नियात नव्या काउंटीसाठी प्रत्येक बाधित काउंटीत मतदान लागतं, आणि ठाणं हलवायला तर दोनतृतीयांश मतं. हद्दी कायद्यात शब्दांत लिहिलेल्या असतात: अमुक नदीच्या मध्यातून, तमुक रेघेच्या पूर्वेला. हे ऐकायला फार छान वाटतं. पण ओहायोत त्या वर्षानंतर एकही नवी काउंटी झाली नाही, कॅलिफोर्नियातली शेवटची १९०७ ची. मूळ काउंटीच्या मतदारांना नकाराधिकार दिला की वेगळं होऊ पाहणारा भाग कायमचा अडकतो, कारण संख्या बहुधा मूळ भागाकडे असते. कोलोरॅडोत ब्रूमफील्ड हे शहर चार काउंट्यांत विभागलेलं होतं. त्याला स्वतःची काउंटी मिळवायला १९९८ मध्ये सगळ्या राज्याच्या मतदानाने घटना दुरुस्त करावी लागली आणि प्रत्यक्ष काउंटी २००१ मध्ये झाली. आपल्याकडे असं सार्वमत आणलं असतं तर चंद्रपूरने गडचिरोलीला आणि धुळ्याने नंदुरबारला सोडलं असतं का, मला शंका आहे.

म्हणून मागणी सार्वमताची नाही. मागणी अशी आहे की कलम ४ मध्ये निकष लिहा. रस्त्याने आणि एसटीने मुख्यालयापर्यंतचं अंतर, पावसाळ्यात तुटणारे मार्ग, क्षेत्रफळ, लोकसंख्या, आदिवासी क्षेत्राची सलगता, आणि लोकांचा रोजचा ओढा कुठल्या गावाकडे आहे. दर जनगणनेनंतर एक स्वतंत्र सीमा आयोग बसावा आणि त्याने तालुक्याच्या गावी जाऊन सुनावण्या घ्याव्यात. नव्या हद्दीला लागून जी गावं येतील त्यांच्या ग्रामसभेचा ठराव आयोगाने मागवावा. ठराव डावलायचा असेल तर कारण लेखी द्यावं, आणि ते कारण न्यायालयाला तपासता यावं. अख्ख्या जिल्ह्याचं बहुमत मोजायची गरज नाही, रेघेवरच्या गावांचा शब्द मोजला तरी पुरे. अंतिम अधिसूचना खर्चाच्या आणि पदांच्या तपशिलासह दोन्ही सभागृहांपुढे मंजुरीसाठी यावी. आमदार त्यातही सौदे करतील, हा आक्षेप मी ऐकला आहे. करतीलही. पण सभागृहातला सौदा नोंदीत राहतो, कोण कुठल्या बाजूने बोललं ते मतदाराला वाचता येतं. मंत्रालयात बंद दाराआड झालेल्या निर्णयाला ती नोंद नसते.

प्रशासनाला लवचीकता हवी, हा दुसरा आक्षेप. आपत्तीत किंवा कायदा-सुव्यवस्थेच्या प्रसंगी तातडीने अधिकार वाटून द्यायला अप्पर जिल्हाधिकारी आहेत, विशेष अधिकारी आहेत. जिल्ह्याची हद्द ही तातडीची गोष्ट नव्हे. मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर, पुसद, अचलपूर इथले लोक किती वर्षं वाट पाहत आहेत ते पाहिलं तर घाईचं कारण सरकारने सांगू नये. दर १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी नव्या जिल्ह्यांच्या याद्या मोबाईलवर फिरतात आणि नंतर खंडन येतं. निकष आणि आयोग असता तर लोकांना किमान हे कळलं असतं की आपलं प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे.

हे करायला आत्ता चांगली संधी आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत देशभरातल्या प्रशासकीय घटकांच्या हद्दी गोठवल्या आहेत. या काळात कुणालाच नवा जिल्हा मिळणार नाही, म्हणजे कलम ४ ची दुरुस्ती कुणा एका तालुक्याच्या फायद्यासाठी आणली असा संशय घ्यायला जागा नाही. जनगणनेचे ताजे आकडे हाती येतील तेव्हा कायदा तयार असावा.

आणि त्या आयोगाच्या पहिल्या सुनावण्या मुंबईत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नकोत. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकात ते स्वतः अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. गडचिरोलीतून वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणी तिथल्या लोकांना मानवते का, की त्यांना आणखी काही हवं आहे, हे सिरोंच्यात जाऊन विचारावं लागेल. तिथे तेलुगू बोलणारी माणसं आहेत, भामरागडकडे माडिया, धडगावला पावरी. सुनावणीला दुभाषी लागतील, मसुदा त्या भाषांत वाचून दाखवावा लागेल, आणि तारीख पेरणीच्या दिवसांत नसावी.